पाच हजारांत गेम्सची लायब्ररी: आधी वही, मग सेल

प्रश्न असा आला आहे: "काका, मी नाशिकलाच असतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पॉकेटमनीतून वर्षाला पाच हजार रुपये गेम्ससाठी बाजूला काढू शकतो. जुना गेमिंग लॅपटॉप घेतलाय: 8 जीबी रॅम, 4 जीबीचं जीटीएक्स 1650 कार्ड, 512 जीबी एसएसडी. क्रॅक केलेले, म्हणजे चोरीचे गेम्स आता नको वाटतात. चांगली लायब्ररी कशी उभी करू? मित्र म्हणतात, गेमची 'की' (गेम खात्यात आणायचा कोड) विकणाऱ्या साइटवरून घे, अर्ध्याहून कमीत मिळतात. घेऊ का?"

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको घेऊस. का, ते पुढे सांगेन. बाकीच्या प्रश्नाला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

सिडकोत माझा सहा मशीनचा नेटकॅफे होता. तेव्हा गेम म्हणजे मार्करने नाव लिहिलेली सीडी. 2004 च्या डिसेंबरात मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्याने 'हाफ-लाइफ 2' चा खोका आणून दिला, माझ्या आयुष्यातला पहिला पैसे मोजून घेतलेला गेम. सीलबंद खोका फोडला, डिस्क टाकल्या, तर गेम उघडेना. आधी स्टीम नावाचं काहीतरी टाका (आज तेच गेम्सचं ऑनलाइन दुकान आहे), खातं काढा, इंटरनेटवरून परवानगी घ्या, मग खेळा. डायलअपचा जमाना होता. रात्रभर फोनची लाइन अडकवून ठेवली, सकाळी शटर उघडायच्या वेळेला गेम सुरू झाला. त्या रात्री स्टीमला मी काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

त्या कॅफेतल्या सीडींचं काय झालं म्हणतोस? काही ओरखड्यांनी गेल्या, काही बुरशीने, उरलेल्या भंगारवाल्याने नेल्या. ते स्टीमचं खातं मात्र अजून चालू आहे. 2024 च्या नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ 2' ला वीस वर्षं झाली म्हणून नवा अपडेट आला, तो त्याच जुन्या कॉपीत फुकट उतरला. मी पंचवटीतल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात बसून तो चालवला. लायब्ररी या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला.

आता तुझे पाच हजार. माझी पद्धत एका वहीवर चालते. खरीखुरी वही, दोन रुळांची, दुकानातल्या उधारीच्या वहीच्या शेजारी ठेवलेली. एका पानावर एक गेम. वर नाव, खाली चार आकडे: पूर्ण किंमत, आजवरची सगळ्यात कमी किंमत, खेळ संपायला लागणारे तास, आणि चौथा सगळ्यात महत्त्वाचा, माझा भाव. या गेमला मी किती रुपये देईन, हे सेल नसताना, डोकं थंड असताना ठरवायचं. सेल लागला की आधी वही उघडायची आणि मग स्टीम. उलटं केलंस की तू गेलास.

कारण सेलचं पान बनवणाऱ्यांचा तो रोजचा धंदा आहे. हिरव्या चौकटीत 'वजा 85%' दिसलं की मेंदू 85 कडे बघतो, खालच्या रुपयांकडे बघतच नाही. लासलगावला कांदा घेऊन जाणारा शेतकरी घरून निघतानाच ठरवून निघतो की एवढ्याच्या खाली द्यायचा नाही, गाडी परत आणू. आपण घेणारे, आपला आकडा वरच्या बाजूचा. आणि आपल्याला एक सोय त्याच्याहून जास्त: चाळीत कांदा सडतो, विशलिस्टमधला गेम सडत नाही. उलट वर्षभराने तो जास्त पॅच झालेला, कमी बग असलेला आणि स्वस्त मिळतो.

वहीतले आकडे भरायला तीन साइट पुरतात. स्टीमवरच्या गेमचा किमतीचा इतिहास स्टीमडीबीवर दिसतो. तिथे भारत निवड, म्हणजे रुपयातली आजवरची सर्वात कमी किंमत आणि ती कोणत्या तारखेला होती, दोन्ही कळतं. इज देअर एनी डील ही साइट स्टीम, जीओजी, एपिक, हम्बल, फॅनॅटिकल अशा अधिकृत दुकानांतले भाव एकत्र दाखवते. तिथेही देश भारत ठेव आणि तुझा भाव टाकून ठेव, उतरला की मेल येतो. तासांसाठी हाऊ लाँग टू बीट. 'पोर्टल 2' साधारण साडेआठ तासांत संपतो, 'विचर 3' ची नुसती मुख्य कथा पन्नास तास खाते. तुझ्या सबमिशन आणि ओरल्सच्या महिन्यात यातलं काय बसेल ते तूच बघ.

एक सांगून ठेवतो, 'तासाला किती रुपये पडले' हा हिशेब पोरं फार करतात, मला तो पटत नाही. त्या हिशेबाने दोनशे तास गवत कापायला लावणारा गेम नेहमी जिंकतो. 'वेन्बा' नावाचा 2023 चा गेम आहे, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबावरचा. आई इडल्या लावते, फाटक्या वहीतून आजीची रेसिपी जुळवायची असते. दीड तासात संपतो. माझ्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा एखादा गेम शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला तो हाच. तासाच्या भावात महागच म्हणायचा.

आता सेल कधी असतात. स्टीमचे मोठे चार: मार्चमधला वसंताचा, जूनच्या शेवटी लागून जुलैत जाणारा उन्हाळ्याचा (आपल्याकडे तेव्हा छत्र्या निघालेल्या असतात, पण नाव त्यांच्या हवामानाचं), मग शरदाचा आणि डिसेंबरचा हिवाळ्याचा. शरदाचा सेल आधी नोव्हेंबरच्या शेवटी असायचा. 2025 मध्ये तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर आणला, नेमका आपल्या दसऱ्याच्या आठवड्यात. सेल सुरू होतात पॅसिफिक वेळेने सकाळी दहाला. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. पहिला अर्धा तास दुकान धड उघडत नाही, पाने अर्धवट येतात. जागू नकोस. पूर्वी काही तासांपुरत्या फ्लॅश डील असायच्या तेव्हा जागण्यात अर्थ होता. ते प्रकरण 2015 च्या अखेरीस बंद झालं. आता बहुतेक गेमचा सेलमधला भाव पहिल्या दिवशी असतो तोच शेवटच्या दिवशी. सकाळी चहा घेऊन शांतपणे घे.

मोठे सेल सोडून मध्ये-मध्ये प्रकाशकांचे, प्रकारांचे, एखाद्या देशाच्या गेम्सचे छोटे सेल चालूच असतात. एक गेम एकदा सवलतीत येऊन गेला की साधारण 30 दिवस पुन्हा सूट लावता येत नाही, मोठ्या हंगामी सेलना मात्र ही अट लागू नाही. किंमत वाढवल्यावरही 30 दिवस सूट देता येत नाही. म्हणजे काल भाव वाढवून आज 'निम्म्यात' अशी लबाडी स्टीमवर सहज होत नाही. पण वर्षभरापूर्वी मूळ किंमत वाढवलेली असते आणि आता टक्का मोठा दिसतो, हे सर्रास होतं. 2022 च्या ऑक्टोबरात स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हने देशोदेशीच्या शिफारस केलेल्या किमती बदलल्या, त्यानंतर भारतात बऱ्याच गेम्सचे रुपये चढले. त्यामुळे 2021 मधली 'सर्वात कमी किंमत' पुन्हा येईलच या आशेवर बसू नकोस. वहीत गेल्या दोन वर्षांतला नीचांक लिही, तो जास्त कामाचा.

मोठ्या कंपन्यांचा नवा गेम आता चार-पाच हजारांच्या घरात येतो. तुझं वर्षाचं बजेट एका गेममध्ये संपलं. त्यांची उतरण साधारण ठरलेली असते: पहिल्या काही महिन्यांत दहा-वीस टक्के, वर्षाने तीस ते पन्नास, दोन-तीन वर्षांनी पाऊणशे टक्के. तू दोन वर्षं मागे राहून खेळायचं ठरवलंस तर तुझ्या लॅपटॉपलाही ते झेपेल. तुझं कार्डच 2019 च्या जमान्यातलं आहे, त्याला त्याच्या वयाचे गेम्स दे.

सगळेच गेम उतरत नाहीत, हेही लक्षात ठेव. 'फॅक्टोरिओ' च्या लोकांनी सुरुवातीपासून जाहीर केलंय की आम्ही सेलमध्ये उतरणार नाही. उतरणं दूर, 2023 च्या जानेवारीत त्यांनी किंमत वाढवली. त्याच्यासाठी चार वर्षं थांबलेला एक गिऱ्हाईक माझ्याकडे आहे, अजून थांबलाय. अशा गेमचा फुकट डेमो खेळायचा, आवडला तर पूर्ण भावाने घ्यायचा आणि विषय संपवायचा.

खरेदीच्या वेळी पानावर अजून दोन-तीन गोष्टी बघायच्या. स्टँडर्ड, डीलक्स, कम्प्लीट अशा तीन-चार आवृत्त्या असतात. कपडे आणि बंदुकांचे रंग असलेली डीलक्स सोड. पण कथेचे पुढचे भाग असलेली कम्प्लीट आवृत्ती जुन्या गेमला अनेकदा साध्या आवृत्तीपेक्षा शे-दोनशेच जास्त असते, ती घे. स्टीमच्या बंडलमध्ये तुझ्याकडे आधीच असलेला गेम वजा होतो आणि उरलेल्यांवर बंडलची सूट टिकते. सेलच्या सवलतीवर ही सूट वरून लागते. मालिकेतला पहिला भाग फुकट मिळाला असेल तर बाकीचे असे उचलता येतात. उजव्या बाजूच्या पट्टीत दुसऱ्या कंपनीचं खातं किंवा डेनुवोसारखं कॉपी रोखणारं कुलूप लागतं का ते लिहिलेलं असतं. आणि रिव्ह्यू वाचताना एकूण शेऱ्यापेक्षा 'अलीकडचे' बघ. जुने गोड आणि नवे कडू असतील तर कुठल्या तरी अपडेटने काहीतरी बिघडवलंय.

परताव्याचा नियम नीट शिकून घे, तुझ्यासारख्या जुन्या लॅपटॉपवाल्याला तोच तारतो. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असशील तर पैसे परत. 2015 च्या जूनपासून हा नियम आहे. मी कसं करतो ते सांगतो. गेम उतरवून झाला की मोबाइलवर नव्वद मिनिटांचा गजर लावतो. पहिल्यांदा सुरू करताना शेडर (चित्र उमटवायला लागणारे छोटे प्रोग्राम) तयार होत पट्टी सरकत असते, तोही वेळ खेळात मोजला जातो, मेनूत बसून सेटिंग चाळलेला वेळही. म्हणून सुरुवातीचा, गेमची ओळख करून देणारा भाग लवकर उरकून गर्दीच्या, पावसाच्या, मारामारीच्या जागी जायचं, आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅम बघायची. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या, तुझ्यासारख्याच 8 जीबीच्या मशीनवर एक गेम पहिल्या गुहेत लोण्यासारखा चालला. गावात शिरल्यावर रॅम 97 टक्के झाली आणि घोडा एक पाऊल टाकून विचार करायला लागला. गजर वाजायच्या आत परतावा टाकला. पैसे वॉलेटमध्ये मागितले, म्हणजे पुढच्या खरेदीला तयार.

अजून एक, बऱ्याच जणांना ठाऊक नसलेलं. गेम पूर्ण भावात घेतलास आणि चार दिवसांनी सेल लागला, तर दोन तासांची मर्यादा ओलांडली नसेल तोवर परत करून सेलच्या भावात पुन्हा घेता येतो. स्टीमच्या नियमातच लिहिलंय की याला आम्ही गैरवापर मानत नाही. दीड तासाचा 'वेन्बा' संपवून परत करणं मात्र नियमात बसलं तरी करू नकोस. चार-पाच माणसांनी पोटाला चिमटा काढून केलेलं काम असतं ते.

आता तुझ्या मित्राच्या की-साइट. मीही हे केलंय. 2017 च्या सुमारास अशाच एका बाजारातून एका नव्या गेमची की निम्म्याहून कमी भावात घेतली. लगेच चालली. छाती फुगवून चार जणांना साइट सांगितली. तीन महिन्यांनी सकाळी लायब्ररी उघडली तर गेम गायब, आणि मेल की तुमची प्रॉडक्ट की रद्द करण्यात आली आहे. साइटवाल्याने विक्रेत्याकडे बोट दाखवलं, विक्रेत्याचं खातंच नव्हतं. पैसे गेले ते गेले, ज्यांना साइट सांगितली होती त्यातल्या एकाने अजून मला टोमणे मारणं सोडलेलं नाही.

त्यामागचं गणित असं असतं: चोरलेल्या कार्डावर कुणीतरी घाऊक की विकत घेतो, बाजारात स्वस्तात विकून मोकळा होतो. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक पैसे परत खेचते, गेम बनवणारा वैतागून त्या सगळ्या की रद्द करतो. काही की समीक्षकांसाठी दिलेल्या असतात, काही दुसऱ्या देशापुरत्या. सगळ्याच चोरीच्या नसतात, पण तुझ्या हातात आलेली कुठली हे तुला कळणार नाही. आणि अधिकृत दुकानातही की मिळतेच ना. हम्बल, फॅनॅटिकल हे प्रकाशकाकडून थेट की घेऊन विकतात. इज देअर एनी डीलवर दिसणारी दुकानं अशीच अधिकृत असतात. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाच्या भावात घ्यायचा सल्लाही कुणीतरी देईल. तो नियमाविरुद्ध आहे, खातं गोठू शकतं. शिवाय ज्यांच्या नावाने हे चालायचं त्या अर्जेंटिना आणि तुर्कस्तानच्या किमती 2023 च्या नोव्हेंबरातच डॉलरमध्ये गेल्या.

कुठल्या दुकानातून काय घ्यायचं, यावर माझं मत ठाम आहे. स्टीमवर तू गेम विकत घेत नाहीस, खेळायचा परवाना घेतोस. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला की हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, तेव्हापासून स्टीमच्या पैसे भरायच्या पानावरच ते लिहिलेलं दिसतं. व्यवहारात फार बिघडत नाही. एखादा गेम दुकानातून काढला तरी ज्यांनी घेतलाय त्यांना उतरवता येतो. रेसिंगच्या गेममध्ये हे नेहमीचंच आहे, गाड्यांचे आणि गाण्यांचे करार संपतात. 'फोर्झा होरायझन 4' 2024 च्या 15 डिसेंबरला विक्रीतून गेला. माझ्याकडे आहे, चालतो. पण सर्व्हरवर जगणाऱ्या गेमची गोष्ट वेगळी. 'द क्रू' चे सर्व्हर 2024 च्या मार्चअखेरीस बंद झाले आणि एकट्याने खेळणाऱ्याचाही गेम बंद पडला. म्हणून सतत इंटरनेट मागणारा जुना गेम कितीही स्वस्त असू दे, माझ्या वहीत त्याला पान नाही.

जो गेम म्हातारपणीही हवा, तो जीओजीवर घे. 2008 पासून त्यांचा बाणा एकच: कुलूप नाही. इन्स्टॉलरची फाइल उतरव, जुन्या हार्डडिस्कवर ठेव, इंटरनेट नसलेल्या मशीनवर टाक, चालतो. परतावाही 30 दिवसांचा, खेळून पाहिलेला असला तरी. त्या भरवशाचा गैरफायदा घ्यायचा नाही, एवढंच. डॉलरमध्ये पैसे भरायची वेळ आली तर बँक वरून परकीय चलनाचं शुल्क लावते, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के, ते वहीत धर. स्टीमवर रुपयात भाव आणि यूपीआय, त्यामुळे ही कटकट नाही. 2015 च्या आधी स्टीमवरही डॉलरच होते. इंटरनॅशनल कार्ड असलेला मामा शोधावा लागायचा.

एपिकचं लाँचर (त्यांचे गेम्स चालवायचा प्रोग्राम) मला आवडत नाही. पण दर गुरुवारी ते किमान एक गेम कायमचा फुकट देतात, आणि फुकट गेमशी माझं भांडण नाही. 2020 च्या मे महिन्यात 'जीटीए 5' आणि 'सिव्हिलायझेशन 6' लागोपाठ दिले होते. डिसेंबरच्या सुट्टीत रोज एक देतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना गुरुवारी रात्री साडेआठला, नाहीतर साडेनऊला गेम बदलतो. लाँचर टाकायचीही गरज नाही, मोबाइलच्या ब्राउझरमधून 'घेतला' म्हणता येतं. गुरुवारी जेवताना हे काम कर, वर्षात पन्नासच्या वर गेम्स होतील. त्यातले पाच खेळशील. ठीक आहे, पैसे गेलेले नाहीत.

गेमपाससारखी महिन्याची वर्गणी वाईट नाही, पण ती लायब्ररीत मोजू नकोस, भाड्याची सायकल आहे ती. सेमिस्टर संपलं की एक महिना घे, झपाटून खेळ आणि घेतल्या दिवशीच ऑटोपे बंद करून टाक. महिना संपेपर्यंत ती चालतेच.

घरात बहीण-भाऊ असतील तर स्टीम फॅमिलीज वापर. सहा जणांपर्यंत लायब्ररी एकत्र होते, आणि तू एक गेम खेळत असताना बहीण तुझ्याच लायब्ररीतला दुसरा खेळू शकते. एकच कॉपी दोघांना एकदम चालत नाही, आणि सगळेच गेम वाटता येतात असंही नाही. हे एकाच घरातल्यांसाठी आहे, कॉलेज रोडच्या कट्ट्यावरच्या मित्रांसाठी नाही. एकदा बाहेर पडलं की दुसऱ्या कुटुंबात जायला वर्षभर थांबावं लागतं, ती जागाही वर्षभर रिकामी राहते. आणि तुझ्या कॉपीवर कुणी चीट लावून पकडला गेला तर बंदी तुझ्यावरही येऊ शकते, हे धाकट्या भावाला दम देऊन सांग.

लॅपटॉपबद्दल थोडं. 512 जीबीतून विंडोज आणि कॉलेजचं सॉफ्टवेअर जाऊन तीनशे-साडेतीनशे उरतील. 'रेड डेड 2' किंवा 'बाल्डर्स गेट 3' एकटेच दीडशे जीबी मागतात, दोन गेम्समध्ये खोली भरली. दीडशे जीबी 50 एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला पावणेसात तास, मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर अडीच महिने. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडेतिकडे रस्ते उकरलेले, आमच्या भागातली फायबर मध्येच कापली जाते, तेव्हा हे आकडे मला पाठ झालेत. मित्राकडे तोच गेम असेल तर लॅपटॉप त्याच्या घरी ने. एकमेकांच्या स्टीम फ्रेंडलिस्टमध्ये असाल आणि सेटिंगमध्ये लोकल नेटवर्क ट्रान्सफर चालू असेल, तर गेम त्याच्या मशीनवरून वायफायने येतो, इंटरनेट खात नाही. राउटरला केबल लावलीस तर अजून भर्रकन.

स्टीम गार्ड (लॉगिनला मोबाइलवरून खात्री मागणारी सोय) मोबाइलवर चालू कर, आजच. "चुकून तुझं खातं रिपोर्ट केलं, या माणसाशी बोल" असा कुणाचा मेसेज आला तर तो चोर आहे, मग खातं तुझ्या सख्ख्या मित्राचं का असेना. त्याचं आधीच गेलेलं असतं. दुकानात महिन्याला एखादा तरी रडवेला मुलगा याच कारणाने येतो.

तुझ्या जागी मी असतो तर पाच हजारांचे तुकडे असे पाडले असते: उन्हाळ्याच्या सेलला दीड हजार, दसऱ्याच्या सुमाराला एक, हिवाळ्याला दीड, आणि एक हजार हात न लावता 'फॅक्टोरिओ' सारख्या हट्टी गेमसाठी. वहीची पहिली पानं या नावांनी भर. 'पोर्टल 2', 90 टक्के सूट त्याला अनेकदा लागते, तेव्हा एका मिसळीच्या भावाच्या आत येतो. 'विचर 3' जीओजीवर, 80 टक्क्यांहून कमी सूट असेल तर घेऊ नकोस, आणि चालवताना डायरेक्टएक्स 11 निवड, नाहीतर 2022 च्या मोठ्या अपडेटनंतर तुझं कार्ड धापा टाकेल. 'स्टारड्यू व्हॅली', एका माणसाने एकट्याने बनवलेला, फार सूट न मिळताही घेण्यासारखा. 'हॉलो नाइट', 'हेडीस'. आणि 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये काढलेला. भिंतीवर चढायचं नियंत्रण कधीकधी चिडवतं, पण ते दगडी वाडे, त्या पायविहिरी बघताना आपल्या इथलं कुणीतरी हे केलंय हे कळतं. 'बाल्डर्स गेट 3' चं पानही लिहून ठेव, पण माझा भाव या रकान्यात आत्ता आकड्याऐवजी '16 जीबी रॅम' लिही. 8 जीबी ही त्याची किमान अट आहे, आणि किमान म्हणजे काय ते त्या घोड्याने दाखवलंय.

रॅम टाकायची ठरली तर खालचं झाकण उघडून स्लॉट एक आहे की दोन ते आधी बघ. उघडता येत नसेल तर दुकानात घेऊन ये, बघायचे पैसे घेत नाही.